हेदरला नळाचं पाणी

९ मे २००६
अलॉटमेंटवर, म्हणजे भाड्याच्या मळ्यातल्या आमच्या तुकड्यावर, हेदरची झुडपं लावली. गुडघे कामातून गेले. हे असते तर ऑगस्टात मधमाशांची पेटी शेजारच्या प्लॉटवाल्या डेरेकच्या व्हॅनमध्ये घालून मूरवर, फुललेल्या हेदरच्या माळरानावर, गेले असते. दोघे म्हातारे, सँडविचेस घेऊन, सहलीला निघाल्यासारखे. यंदा हे नाहीत, आणि डेरेकची पाठ गेली. त्याच्या पेट्या पुतण्या मूरवर नेऊन परत आणणार. मला म्हणतो, "ऑगस्टनंतर कॉव्हेंट्रीत माशांना खायला काही नसतं, मिसेस डी. पेटी मधमाशीवाल्यांच्या क्लबला देऊन टाका." देऊन टाका! जुना कोट आहे का तो? ह्यांची एकच पेटी उरली आहे. मूरच इथे आणते.
रात्री ब्रॅकनेलहून लेकीचा, मंजिरीचा फोन. घर विक, माझ्याजवळ ये. शेवटी ठरलं: पुढच्या वसंतात माशा जिवंत असल्या तर ती गप्प बसणार. नसल्या तर मी जायचं.

१४ जून
अलॉटमेंट कमिटीचे मि. प्रॅट कुंपणाशी. शोभेची झाडं चालत नाहीत, भाजीपाला लावा. म्हटलं, हे खायचंच आहे, खाणारे फक्त तुमच्यापेक्षा कामसू आहेत. चेहरा बीटरूटसारखा झाला. घरी येऊन नक्कल करून दाखवायला कोणी नाही. म्हणून इथे लिहिलं.

३ जुलै
रोज आंघोळ झाली की हेदरला तांब्या तांब्या पाणी. आई नागपूरला तुळशीला घालायची तसं. कॉन्व्हेंटात शिकून मी त्या बाबतीत कोरडी, पण हाताला कोण सांगणार. पाणी घालताना ह्यांच्याशी भांडते. उत्तर येत नाही. आधी तरी कुठे यायचं.

२० ऑगस्ट
हेदर पिवळं पडलं. फुलं नावाला. डेरेक काठी टेकत आला.
"काय घालता याला?"
तांब्या दाखवला.
"नळाचं पाणी?"
"मग काय गंगेचं?"
हसला नाही. इथल्या पाण्यात चुना असतो. हेदरला सोसत नाही. मूरवर नुसता पाऊस.
"रोज घातलंत?"
रोज. एक दिवस चुकवला नाही.
मूर कसा दिसतो मला माहीत नाही. दर वर्षी हे म्हणायचे, तू पण चल. मी म्हणायची, माशांच्या सहलीला मी नाही. आता जायचंय. आता कोणी विचारत नाही.

८ ऑक्टो.
डेरेकने मागून पेटी जरा उचलून पाहिली. हलकी, म्हणजे मध कमी. साखरेचा पाक ठेवला आत, पण तो म्हणतो पाक म्हणजे आजाऱ्याची पेज. दुसरं हेदर आणलं, थंडीत फुलणारं. याला चुना चालतो. तरी पावसाचं पाणी धरायला पिंप ठेवलंच. सकाळी आंघोळ झाली की हात रिकामे. स्वयंपाकघरात उगाच...

१७ जानेवारी २००७
मंजिरी संक्रांतीचं म्हणून येऊन गेली. मीच तिळगूळ केला, तिने फोटो काढले. प्लॉटवर नेलं. पेटीच्या दाराशी मेलेल्या माशा.
"आई, उघडून बघ ना सरळ."
थंडीत उघडायची नसते. आतल्या असतील त्याही मरतील.
"म्हणजे असतील की नसतील, कळणारच नाही?"
नाही.
जाताना तिच्याजवळच्या एका फ्लॅटचं ब्रोशर फ्रिजवर ठेवून गेली. बाल्कनीत दोन कुंड्या मावतात म्हणे. माझी मुलगी वाईट नाही. पण ह्यांची कुठली वस्तू कुठे असायची हे इथे मला अंधारातही सांगता येतं, तिकडे नाही येणार.

२५ फेब्रु.
ऊन पडलं. हेदर गुलाबी झालंय. त्यावर एक माशी, पायांना परागाचे पिवळे गोळे. श्वास रोखून उभी राहिले. ती उडाली, पण नेमकी डोळ्यांवर तिरीप आली. माझ्या पेटीकडे गेली की डेरेकच्या, दिसलं नाही.
संध्याकाळी मंजिरीचा फोन.
"मग? जिवंत आहेत?"
"एक दिसली."
"आपली?"
"पत्ता विचारायचा राहिला."
"आई!"
म्हटलं, जरा गरम होऊ दे, डेरेक पेटी उघडेल, मग सांगते.
"किती गरम?"
"कोट काढावासा वाटेल इतकं."
रेडिओवर सांगताहेत, उद्यापासून पुन्हा कडाक्याची थंडी. बरं झालं.