बोर्डावरची सावली

मी, आत्माराम धाकू पावसकर, वय बावन्न, धंदा सिनेमाचे बोर्ड रंगवणे, राहणार मांडवी, रत्नागिरी, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना स्वतःच्या हाताने लिहितो. छातीचे दुखणे आहे, डोके ठीक आहे. कोणी भरीस घातलेले नाही.

कलम १. दोन खोल्यांचे घर, मागचे दोन माड व पोस्टातील शिल्लक माझी पत्नी मालन हिला मिळावी. ती सात वर्षे दाभोळला माहेरी आहे. तिने मला सोडले असे लोक म्हणतात. तसे नाही, ते पुढे येईल.

कलम २. कुंचले, रंगाचे डबे व शिडी माझा शिष्य महिपत याला. शिडीची तिसरी पायरी हलते. त्याला एवढेच सांगणे, की खुनाच्या चित्राचा बोर्ड करताना खुन्याचा चेहरा काढू नये. तोंडावर हॅटची छाया टाकावी, दार अर्धे उघडे ठेवावे, तांबडा रंग एकाच जागी लावावा. जे आपण काढत नाही ते बघणारा मनात काढतो आणि तिकीट घेतो. या युक्तीवर माझे पोट भरले.

कलम ३. तंबू सिनेमाचे मालक हरिश्चंद्रशेट यांना काही नाही. १९३१ साली त्यांच्या खुनाच्या चित्रासाठी मी बोर्ड केला. दाराच्या कडीवर बाईचा हात, भिंतीवर हॅटवाल्या पुरुषाची सावली. हातासाठी मालन बसली. तिच्या मनगटावरचे तुळशीचे गोंदणही मी जसेच्या तसे उतरवले. ही चूक माझी. बाजारातल्या बायकांनी गोंदण ओळखले. मग तिच्या दारातला पुरुष कोण, याचा तपास गावाने केला. शेट तशीच हॅट घालत, म्हणून सावली त्यांची ठरली.

मालन विहिरीवर जाईना. मला म्हणाली, "तुमी येकदा नाक्यावर हुबं ऱ्हावून सांगा, सावली माजी हाय म्हनून. आनकी कायेक नको." शेटनी खेळ चालू आहेत तोवर गप्प राहायला सांगितले. तंबू भरत होता. मी गप्प राहिलो. बोर्ड एवढा गाजला याचा मला आनंद होता, हेही लिहून ठेवतो. खेळ संपले तेव्हा ती गेली होती.

कलम ४. तरी जाहीर करतो, की सावली माझी आहे. शेटची हॅट उसनी आणून मी कंदिलासमोर उभा राहिलो आणि मालननेच कोळशाने माझी सावली भिंतीवर आखली. घरात तिसरे कोणी नव्हते. हे लिहिताना मनाला काहीतरी होईल असे वाटले होते. काही झाले नाही. बरीच वर्षे काही होत नाही.

कलम ५. वरचे कलम मी गेल्यावर वाचावे असे ठरवले होते. शेजारचा शिवा साक्षीला आला, त्याने वाचले आणि विचारले, "आत्मारामदादा, तुमी मेल्यावर तिनं ह्ये कोनाला दाखवायचं?" सबब कलम ४ आजपासून लागू. जुना बोर्ड माळ्यावरून काढला. हॅटखालच्या काळ्या रंगावर माझे तोंड रंगवले, बसक्या नाकासकट. बोर्ड म्हणून तो बिघडला. आज बाजाराच्या वेळी महिपतने तो नाक्यावर टांगला. मी खाली उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितले. निम्मे लोक थांबले नाहीत. हौसा मासळीवाली थांबली, तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मालन कोन?"

कलम ६. याची नक्कल दाभोळला धाडली आहे. ती येईल असे मी धरलेले नाही. न आली तरी घर तिचेच.

सही: आत्माराम धाकू पावसकर
(बोर्डावर मी कधी सही केली नव्हती. आजच्या बोर्डावर केली आहे.)

आमच्यासमक्ष सही केली:
शिवा गोविंद मयेकर
बाळा रामा शिवलकर

रत्नागिरी, ता. १२ फेब्रुवारी १९३८