पोलादी तारांचा कोबीझ

कारकाराली,
९ जानेवारी १९५९

प्रिय नुरताझा,

तुझ्यावरून जीव ओवाळून टाकते रे. मॉस्कोहून अल्मा-अत्याला सुखरूप पोचला असशील. इकडे वादळानं तारायंत्राचे खांब पाडले, रस्ता कालच मोकळा झाला. मेंढरं वाचली. काळी घोडी गाभण आहे. आईचे गुडघे धरलेत, तरी चहा अजून तीच ओतते.

तू हिवाळ्याआधी येऊन आजोबांचा कोबीझ तुमच्या वाद्यांच्या कारखान्यात मापं घ्यायला नेलास आणि बाबांना तुझ्या हातचा नवा देऊन गेलास. त्यानंतर ते रोज तो मांडीत घेऊन बसायचे. जन्मभर बोटं घोड्याच्या केसांच्या तारांवर फिरलेली. पोलादी तारांनी नखांच्या कडा चिरल्या. आई रात्री मेंढीची चरबी चोळायची. शेजारचे बैसेनबाय म्हणाले, "तुझ्या पोरानं कोबीझाला शाळेत घातलं. आता तो आपल्यासारख्या अडाण्यांशी बोलत नाही."

"बोलेल," बाबा म्हणाले. "नवी सून पहिल्या दिवशी कुठे बोलते?"

पण तो बोलला नाही. बाबांनी तुला तसं कळवू दिलं नाही.

मग त्यांच्या छातीत कफ भरला. मॉस्कोचा कार्यक्रम लागला तेव्हा रेडिओ उशाशी ठेवायला लावला. तुमचा ऑर्केस्ट्रा संपेपर्यंत डोळे मिटून ऐकलं. म्हणाले, "किती स्वच्छ वाजतात. एकही म्हातारा खोकत नाही." मग विचारलं, "आपला कोबीझ त्यात आहे का?" मी हो म्हणाले. त्यांनी मान हलवली.

नुरताझा, बाबा गेले. त्याच आठवड्यात, पहाटे. तुला बोलवू का, असं मी विचारलं होतं. "त्याला टाळ्या घेऊ दे," म्हणाले. मग वादळानं विचारायची सोयच ठेवली नाही.

आई विलाप म्हणायला बसली, पण तिला सूर सापडेना. आपल्या घरात कोबीझाशिवाय कुणाला रडलेलं नाही. बैसेनबायनी तुझा कोबीझ घेतला, वाजवून पाहिला, खाली ठेवला. मग बाहेर जाऊन काळ्या घोडीच्या शेपटीचे केस आणले आणि तुझ्या पोलादी तारा काढून ते चढवले. आवाज अगदी बारीक आला, दारापाशी उभ्या असलेल्यांना ऐकूही गेला नसेल. पण आई त्याच्याशेजारी सरकली आणि तिचा गळा मोकळा झाला.

आता ती एकच धरून बसली आहे: बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला नुरताझा आजोबांचा कोबीझ घेऊन येईल.

पोस्टातल्या फोनवर तू मला जे सांगितलंस, की लाकडाची जाडी मोजायला तो मधोमध कापावा लागला आणि पुन्हा जुळला नाही, ते मी घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. पण रेडिओ बंद केल्यावर ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "कापला असेल. उघडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही, लहानपणापासून. त्याला रागावू नका." आई तेव्हा बाहेर बर्फ वितळवत होती. तिनं हे ऐकलं नाही.

तर तू ये. दुसरा कुठलाही कोबीझ आणू नकोस, आई हात लावताक्षणी ओळखेल. रिकाम्या हातानं ये आणि तिला तूच सांग. मी तुझ्या शेजारी बसेन, पण बोलणार नाही.

वाट पाहणारी,
तुझी बहीण कुल्पाश