सानियाच्या दातांवरच्या रेघा

८ जुलै
इ. ४थीच्या वर्गात दातांचा तक्ता लावला. रोज तपासणी, स्वच्छ दातांना चांदणी. कल्पना माझीच, म्हणून दिवसभर स्वतःवर खूश. सानियाला चांदणी नाही. पुढच्या दातांवर तपकिरी रेघा. "घासत नाहीस ना?" म्हटलं. मान खाली.

११ जुलै
आजही नाही. वस्तीवरच्या आणखी चौघांना नाही. "वस्तीवरच्यांनी जरा मनावर घ्या," असं सगळ्या वर्गासमोर म्हणाले. फार जोरात म्हणाले.

१६ जुलै
कवितेला पहिला हात सानियाचा असायचा. हल्ली बोलतच नाही, बोललीच तर तोंडावर हात. आज डबा खाताना हिरडीतून रक्त. बाजूला घेऊन विचारलं.
"विटकरीच्या भुकटीनं घासलं, बाई. राखंनं जाईना."
तक्ता तिथंच काढला. चांदण्या देत बसणारी मी एक शहाणी!

१७ जुलै
डोक्यातून जात नाही. वर्गातली कोमल सानियाची शेजारीण, दोघींच्या घरी पाणी एकाच बोअरचं. कोमलचे दात पांढरेशुभ्र. रोज घासतेस का, विचारलं. "कवातरी, बाई," म्हणाली आणि वर दात दाखवून हसली. मग हे कसं?

१९ जुलै
इ. १लीला तोंडं उघडायला लावली. वस्तीवरच्या पोरांचे दुधाचे दात स्वच्छ. एकीचा पडून नवा आलाय, नीट वरही आला नाही अजून, आणि त्याच्यावर खडूसारखे पट्टे. म्हणजे दात डागासकटच उगवतोय? मुख्याध्यापक दारातून, "बाई, दवाखाना काढलाय काय?" काढला असता तर बरं झालं असतं.

२२ जुलै
कोमलची आई शाळेत आली होती. गेल्या वर्षापर्यंत ते सगळे मुंबईला, वडील तिकडे हमाली करायचे. कोमल इथलं पाणी पितेय ती वर्षभरच!
दुपारी सुट्टी टाकून आटपाडीला, दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मोबाइलवर काढलेले पोरांच्या दातांचे फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असलं तर असं होतं, दात आत घडत असतानाच डाग बसतो. घासून जात नाही. पाणी आधी तपासून घ्या.
"मग पोरांची चूक?"
"काहीच नाही."
येताना एसटीत रडू आलं. शेजारच्या बाईनं शेंगदाणे दिले.

२३ जुलै
वर्गासमोर बोलले होते, म्हणून माफीही वर्गासमोरच मागितली. सानिया खिडकीतून बाहेर बघत होती. सुट्टीत मात्र जवळ आली.
"बाई, अयानचंबी असंच येणार?"
अयान तिचा भाऊ, तीन वर्षांचा. डॉ.ना फोन केला. त्याचे पक्के दात अजून घडतायत, आत्ता पाणी बदललं तर पुष्कळ वाचेल, म्हणाल्या. सानियाला तसंच सांगितलं. ती "बरं" म्हणाली, बास.

२६ जुलै
वस्तीवर गेले. सानियाचे वडील रफिकभाई गावोगावच्या बाजारांत बांगड्या विकतात. बोअर त्यांनीच पाडलंय, नळ रस्त्याकडेला, कुणीही भरावं. चहा दिला. त्याच पाण्याचा. प्यायले.
विषय काढला तसा त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आवं बाई, अम्मीच्या नावानं सोडलंय ह्ये पाणी. दुष्काळात समद्या वस्तीनं ह्येच पेलं. आता वंगाळ म्हनू?"
तपासणीला पाणी नेऊ का, एवढंच विचारलं. त्यांनी बाटली स्वतः धुतली, भरली, बूच घट्ट लावलं. माझ्या हातात देताना बघितलं मात्र नाही.

२९ जुलै
बाटली सांगलीला प्रयोगशाळेत पोचली. किती दिवस लागतील विचारलं. "लागतील."

५ ऑगस्ट
रिपोर्ट नाही. शाळेच्या नळाला धरणाचं पाणी येतं, एक दिवसाआड. सानिया आज सुटल्यावर दोन बाटल्या भरत होती.
"दुसरी कुणाची गं?"
"अयानची."
"अब्बांना माहिती आहे?"
"बगितलं त्यांनी. काय बोलले न्हाईत."

९ ऑगस्ट
आजही रिपोर्ट नाही. दोनदा फोन केला. आला आणि माझंच म्हणणं खरं ठरलं, तर रफिकभाईंना कसं सांगायचं? खोटं ठरलं तर मग त्या रेघा कशाच्या? दोन्हींची भीती वाटते.
सुटल्यावर नळाशी सानिया. बाटल्यांऐवजी पाच लिटरचा कॅन. कडी तुटलेली, तिथं नायलॉनची दोरी गुंडाळून मूठ केलेली. रफिकभाई बांगड्यांच्या पेट्या गाडीला बांधतात तीच हिरवी दोरी.
"कुणी बांधली?"
"अब्बांनी. हाताला काचू नये म्हनून."
दोन्ही हात कॅनला होते. तोंडावर धरायला एकही मोकळा नव्हता, तरी बोलली.