कठड्याजवळचा चेहरा

मंगळवार, ११ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुझा खोकला थांबला का? औषध घेतेस की नुसतंच उशाशी ठेवतेस?

इकडे स्केटिंगच्या रिंकचं छत पुन्हा गळतंय. थेंब पडतो तिथे बर्फावर वाटाण्याएवढं टेंगूळ येतं आणि बर्फ सपाट करणाऱ्या यंत्रावरचे काका छताला शिव्या घालत फिरतात. सहा वर्षांच्या मुलींचा नवा वर्ग मला मिळालाय. तू आम्हा दोघी बहिणींना शिकवलंस तसंच, पहिले आठ दिवस नुसतं पडायला शिकवतेय. परवा एक जण म्हणते, "बाई, मला पडणं जमलं. आता घरी जाऊ?"

धाकटीच्या मनगटाची सूज उतरली. स्पर्धेत ती सहावी आली, हे तू टीव्हीवर पाहिलंच असशील. मलाही पाहिलं असशील. त्यानंतर तुझा फोन आला नाही, म्हणजे पाहिलंसच.

ती पडली तेव्हा कॅमेरा माझ्यावर होता. हल्ली तसंच असतं. मूल पडलं की त्यांना आधी प्रशिक्षकाचं तोंड हवं असतं. तुझ्या काळी रिंकच्या कठड्याला टेकून उभी असलेली बाई कोण, हे कुणी विचारत नसे. आता आम्ही कुठल्या रंगाचा कोट घालायचा तेही सांगतात. मोठ्या पडद्यावर ती बर्फावरून घसरत गेली आणि लगेच मी दिसले, हसताना. दीड सेकंद. संध्याकाळपर्यंत ते लोकांच्या फोनवर फिरत होतं. खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'प्रशिक्षिका की सावत्र बहीण?' यंत्रवाले काका म्हणाले, "काय ताई, बहिणीपेक्षा तुम्हीच जास्त गाजलात की!" त्यावरही मी हसले.

वार्ताहरांनी धाकटीला गाठलं. मी तिचं जाकीट धरून शेजारीच होते. ती फटकन म्हणाली, "माझी ताई घाबरली की हसते. लहानपणापासून. हवं तर आमच्या आत्याला विचारा." कुणीतरी म्हणालं, किती गोड. आणि मी मान डोलावली.

तुला कुणी विचारलं नाही, हे माझं नशीब. घाबरले की मी काय करते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? माझ्या प्रत्येक स्पर्धेआधी बादली तूच धरायचीस.

छताबद्दल मी इतकं का लिहिलं, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. आता टाळत होते ते लिहिते. ती तीच उडी होती, तीन गिरक्यांची, जिच्यापायी मी एकोणिसाव्या वर्षी स्पर्धा सोडल्या. दोन हिवाळे तू ती माझ्याकडून घोटून घेतलीस, मला नाही जमली. धाकटीला चार महिन्यांत जमली, आणि शिकवली मीच. रोज मी टाळ्या वाजवायचे. त्या खऱ्या आहेत, असं मला वाटायचं. त्या दिवशी ती पडली आणि मला सुटल्यासारखं झालं. वाटलं, म्हणजे उडीच अवघड आहे, माझं काही चुकलं नव्हतं. एवढंच. पण ते तोंडावर आलं.

काल सरावानंतर तिला सांगितलं. ती बाकावर बसून स्केटच्या पात्यावरचं पाणी पुसत होती. पुसतच राहिली.

"बरं वाटलं तुला?"

"हो."

"किती वेळ?"

"तू उठेपर्यंत."

"आणि उठले तेव्हा?"

"तेव्हा वाईट वाटलं."

आत्या, बोलून गेल्यावर मला कळलं की याचे दोन अर्थ होतात. तिलाही कळलं. कुठला खरा, ते तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला छातीठोक सांगता आलं नसतं.

मग ती म्हणाली, "घाबरलीस की तू ओकतेस, हे मला माहीत नाही का? तरी मी सगळ्यांसमोर खोटं बोलले. आणि तू मला बोलू दिलंस."

स्केट पिशवीत टाकून ती दारापर्यंत गेली आणि वळली. "रविवारच्या स्पर्धेत कठड्याशी तू नको. पण रिकाम्या कठड्याकडे बघून मला उडी मारता येत नाही. आत्याला विचार."

म्हणून विचारतेय, रविवारी येशील का? अर्जात प्रशिक्षकाच्या रकान्यात तुझं नाव लिहून दिलंय, तुला न विचारता. तुझ्या काळी तो रकानाच नसे; इतक्या वर्षांत ते तिथे पहिल्यांदा लागतंय, आणि तेही या कारणाने. गुण येईपर्यंत तिच्याशेजारी बस. कॅमेरा समोर आला तर येऊ दे.

मी येणार नाही. इथे लहान मुलींचा वर्ग घेईन, टीव्हीसुद्धा लावणार नाही. ही शिक्षा म्हणून नाही. ती पुन्हा पडली तर माझं तोंड काय करेल, ते मला अजून माहीत नाही.

तुझी विद्यार्थिनी म्हणवून घ्यावं की नाही, हे तूच ठरव. तोवर नुसतीच,

थोरली