आधी कोण बोलणार?

प्रिय डॅड,

तुझी जुन्या गाड्या विकायची विद्या आज मी लॉ कॉलेजवर चालवली!

या कॉलेजने मला अर्धी फी माफ केली होती, दुसऱ्या एकाने पूर्ण. पण मला शिकायचं होतं इथेच. म्हणून त्या दुसऱ्यांचं पत्र इथे पाठवलं आणि स्कॉलरशिपचं बघणाऱ्या हॅचर बाईंना फोन लावला. "तुम्हीही पूर्ण माफ करा, आजच होकार कळवते," एवढं बोलले आणि गप्प बसले. तूच सांगायचास ना, "पोरी, आपला आकडा सांगितला की तोंड बंद. जो आधी बोलेल तो हरला."

तर बाईही गप्प! पलीकडून नुसता कॉफी ढवळल्याचा आवाज. मी तोंडावर उशी दाबून धरली. शेवटी बाईच हसल्या.

"हे गप्प बसणं कोणी शिकवलं गं तुला?"

"आमच्या डॅडनी," मी तोऱ्यात म्हणाले. "टोलेडोत जुन्या गाड्या विकतात."

"त्यांना माझा नमस्कार सांग. थांब, कमिटीला विचारते."

तासाभरात पत्र आलं. पूर्ण फी माफ!

आता नमस्कार कसा सांगू? "तू लोकांना टोप्या घालतोस," असं म्हणून मी थँक्सगिव्हिंगच्या भरल्या ताटावरून उठले, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तू गप्प, मीही गप्प.

हे पत्र राहू दे. फोनच लावते. हरले तर हरले.

तुझीच,
कोरिन