माझ्या दुधातली पावडर

धाकट्या,

पिठाच्या डब्यामागे अश्वगंधा पावडरची बाटली सापडली. आत चमचा, माझं दूध ढवळायचा तोच! थोरलीला फोन केला, तर म्हणते, "अगं आई, तुझी चिडचिड कमी व्हावी म्हणून धाकटा घालतो तुझ्या दुधात." म्हणजे सगळ्या घराला ठाऊक, पिणारीलाच नाही.

तुला त्या पावडरीनं झोप लागते, लागू दे. तुझा चष्मा मला चालतो का? मी थायरॉइडची गोळी घेते. त्या गोळीवर हे चालतं की नाही, ते विचारायचं कुणी? छाती धडधडते, हात कापतात म्हणून परवा डॉक्टरीणबाईंकडे गेलो, तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "झाडपाल्याचं काही घेता का?" मी ताठ मानेनं म्हटलं, "छे!" तू शेजारच्या खुर्चीत होतास. माझ्या तोंडून खोटं जाऊ दिलंस आणि मोबाइल बघत बसलास.

बाटली घेऊन डॉक्टरीणबाईंकडेच चालले आहे. मागे येऊ नकोस.

माझा राग जड झाला होता, तर तोंडावर सांगायचं होतंस. भांडले असते, पण ऐकलं असतं.

तुझं दूध झाकून ठेवलंय. त्यात साखरेशिवाय काही नाही. यापुढे माझं मीच गरम करून घेईन.

आई