मामांच्या हातावरचा पट्टा

निघोजे, ३ एप्रिल २०२५

चि. अपेक्षा हिस मामीचे अनेक आशीर्वाद.

कागद बघून हसशील. पण फोनवर तू दोन मिनिटांत ड्युटी पुढे करतेस, म्हणून आमच्या रोहिदासच्या हाती पत्रच पाठवते आहे. त्याच्या कंपनीचं काम असतं पिंपरीला, उत्तर त्याच्याकडेच दे.

तुझे मामा करोनात गेले, त्याला या महिन्यात चार वर्षं होतील. एकाही श्राद्धाला तू आली नाहीस. लहानपणी सुट्टी संपली तरी घरी जायचं नाव काढायची नाहीस, आणि आता निघोजं लांब पडतं होय गं? माझ्यावर राग असेल तर तसं लिही, वाईट वाटून घेणार नाही. यंदा ये.

माया आहे, ती ठेव.
तुझी मामी, विमल

पिंपरी, ९ एप्रिल २०२५

ती. मामीस अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

राग कसला? तुला तोंड दाखवायची हिंमत होत नाही.

मामा आमच्या हॉस्पिटलात होते तेव्हा वॉर्डात एक अभ्यास चालू होता आणि वॉर्डाच्या ड्युटीबरोबर त्याची तपासणीही माझ्याकडे होती. हाताला पट्टा पाच मिनिटं आवळायचा, मग एकदम सोडायचा. अडलेलं रक्त धावत येतं आणि चांगली रक्तवाहिनी त्याला वाट द्यायला रुंदावते. सोनोग्राफीच्या पडद्यावर ते दिसतं. त्या विषाणूने वाहिनीचं आतलं अस्तर बिघडलं असेल, तर ती जेमतेम हलते. आमच्या वॉर्डात अशांपैकी फार थोडे घरी गेले. निकाल रुग्णाला सांगायचा नाही, असा नियम होता.

मामांची वाहिनी रुंदावली नाही. तपासणी एकदाच करायची असते. पण मी म्हटलं, इतकी वर्षं कंपनीची बस चालवलेला दणकट हात, माझंच काहीतरी चुकलं असणार. चार वेळा पट्टा आवळला. चारही वेळा तेच.

गंभीर रुग्णाच्या एका माणसाला पीपीई घालून पाच मिनिटं आत सोडत. तुला बोलवायला हवं होतं. मी फोनवर सांगितलं, तपासणी छान आली, येऊ नकोस. तिसऱ्या दिवशी मामा गेले.

अजून बसमध्ये कुणी वरची दांडी धरली की माझी नजर त्याच्या हाताकडे जाते. पडद्यावरची ती अरुंद रेघ डोळे मिटले तरी दिसते. तुमची शेवटची भेट मी घालवली, मामी. हे वाचूनही बोलवावंसं वाटलं तर बोलव.

तुझी अपेक्षा

निघोजे, १४ एप्रिल २०२५

चि. अपेक्षास आशीर्वाद.

आता माझं ऐक. हे मी रोहिदासलाही सांगितलेलं नाही.

तुझा फोन झाला आणि अर्ध्या तासाने ह्यांचा आला. ऑक्सिजनच्या मास्कमुळे तुटक बोलत होते. म्हणाले, पोरगी सारखा सारखा पट्टा बांधत होती, काय ते मी समजलो. मी म्हणाले, आत्ता निघते. तर म्हणाले की न्हाई यायचं. तू आलीस की मला कळलंय हे तिला कळंल, मग ती उभी ऱ्हायची न्हाई, आन् तिच्या भरवशावर वॉर्डभर माणसं पडल्यात. पायात घातलेल्या चपला मी काढून ठेवल्या.

तेव्हा भेट तू घालवलेली नाहीस, तो दोष काढून टाक. मला छळतं ते वेगळंच. तू मला जपलंस, आम्ही दोघांनी तुला जपलं, आणि त्यांच्याजवळ कुणी राहिलं नाही. शेवटच्या वेळी त्यांचा हात कुणी धरला होता का गं? चार वर्षं विचारायचा धीर झाला नाही. धरला असेल तर पत्रात लिही. नसेल तर लिहू नकोस, घरी ये.

वाट बघते.
तुझी मामी

पिंपरी, १६ एप्रिल २०२५

ती. मामीस सा. न.

मी येते आहे.

अपेक्षा